फेणेच्या आधीचे भागवत

कुणीतरी म्हणतं, मुलांसाठी लिहिणारे भा. रा. भागवत म्हणजे फास्टर फेणे, त्यांच्या साहसकथांतला तो पोरगा, आणि संपलं. तसं नव्हे की हो! १९१० चा जन्म, १९५१ ला स्वतः 'बालमित्र' मासिक काढलं, ते चालवताना खिशाला चाट बसली असणार म्हणा, आणि वर ज्यूल व्हर्न हा फ्रेंच विज्ञानकथाकार मराठीत आणला तो असा की परका वाटतच नाही. आमच्या खानापुरात घरी मराठी, शाळेत कन्नड, त्यामुळं मी जोडाक्षरं शिकलो ती बेळगावहून आणलेल्या, पाठपान फाटलेल्या फेणेवर, फेणेचं ते 'ट्टॉक' मोठ्यानं वाचलं की आज्जी चुलीपुढनं ओरडायची, पाल चुकचुकली काय रे! फेणेचं फुरसुंगी पुण्याजवळ खरंच गाव आहे हे तर फार उशिरा कळलं.