शब्दचर्चा: ‘साठा’ आहे तर ‘तुटवडा’ कसा? तेल-गॅस-विजेबद्दल लिहिताना कुठला शब्द कुठे

माळरान:
ऊर्जा आणि जगाचं अर्थकारण यावर एक लेखमाला लिहायला घेतलीय आणि पहिल्याच भागात अडकलोय. पेपरात एका ठिकाणी असतं ‘जगात अजून पन्नासेक वर्षं पुरेल एवढा तेलसाठा आहे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘तेलाच्या तुटवड्यामुळे भाव भडकले’. साधा वाचक विचारणारच की बाबा साठा एवढा आहे तर तुटवडा कसला? मला वाटतं गोंधळ ‘साठा’ या शब्दात आहे. शिवाय टंचाई, तुटवडा, तूट, चणचण हे सगळे आपण एकाच अर्थाने वापरतो का?

सातबारा:
चणचण पैशाची, तूट हिशोबातली (आकडा असतो तिथे तूट), टंचाई सरकार जाहीर करतं, तुटवडा बाजारात जाणवतो. खताचा तुटवडा, रक्ताचा तुटवडा, पण पाण्याची टंचाई. माझ्या कानाला तरी असंच.

भूगर्भ:
‘साठा’बद्दल बरोबर बोललात. हा एक शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना लावतो. एक, जमिनीखाली खडकात असलेलं तेल. दोन, काढून टाकीत भरून ठेवलेलं तेल, म्हणजे आपल्या देशाने विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूरला जमिनीखालच्या गुहांमध्ये ठेवलंय ते, तिन्ही मिळून जागा ५३.३ लाख टनांची, पूर्ण भरली तर २०१९-२० च्या खपाने देशाला साडेनऊ दिवस पुरेल एवढी. तीन, वीज केंद्राच्या यार्डात पडलेला कोळसा. दुसरा आणि तिसरा हा खरा साठा, हात घातला की मिळतो. पहिल्याला साठा म्हणताना जपून, कारण तो मिळायला विहीर खणावी लागते, पाइपलाइन लागते, भांडवल लागतं, वर्षं लागतात, आणि तरी रोज किती निघेल याला मर्यादा असतेच. जगाचं अर्थकारण चालतं ते या रोज निघणाऱ्या तेलावर, खाली किती आहे त्यावर नाही. पन्नास वर्षं हा आकडा नुसता भागाकार आहे, जमिनीखालचं तेल भागिले यंदा वर्षभरात काढलेलं, त्यावरून पुढच्या वर्षी पुरेल की नाही ते अजिबात कळत नाही.

यासाठी शब्द नवा घडवायची गरज नाही, पाटबंधारे खात्याने तो केव्हाच दिलाय. पावसाळ्यात रोज पेपरात येतं ना, धरणाचा एकूण साठा, उपयुक्त साठा, मृत साठा, विसर्ग. तेच तेलाला लावा. व्हेनेझुएलाकडे कागदावर ३०० अब्ज बॅरल, जगात पहिला नंबर, सौदीच्याही वर. पण त्यातलं बरंचसं ओरिनोको पट्ट्यातलं अतिजड तेल आहे, पातळ करायला त्यात नॅफ्थासारखं काही हलकं तेल मिसळल्याशिवाय ते पाइपातून नीट पुढे सरकतही नाही. त्यात गुंतवणूक आटली, जाणकार इंजिनियर देश सोडून गेले, नंतर निर्बंध आले, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी रोजचे तीस लाख बॅरल निघत होते ते विसेक वर्षांत दहा लाखांच्याही खाली गेले. साठा तेवढाच, देश मात्र कंगाल झाला, लाखो लोक सीमा ओलांडून गेले. एकूण साठ्यातला उपयुक्त किती हे पैसा, तंत्र आणि राजकारण ठरवतं.

कृष्णाकाठ:
धरणाचंच निघालंय म्हणून कोयनेचं सांगतो, कारण मर्यादा फक्त निसर्गाची नसते हे तिथे स्वच्छ दिसतं. धरण १०५ टीएमसीचं, वीज प्रकल्प १९६० मेगावॅटचा. पण कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीला वर्षाला ६७.५ टीएमसीच पाणी वळवायची मुभा दिलीय, वर्ष १ जून ते ३१ मे. त्यामुळे उन्हाळ्यात विजेची मागणी टोकाला असते, धरणात पाणी डोळ्याला दिसत असतं, तरी कोटा संपत आला म्हणून निर्मिती आवरती घ्यायची वेळ येते. तिथे ‘पाण्याअभावी’ लिहिणं चूक, ‘कोट्याअभावी’ लिहा. ओपेकचे (तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेचे) देश ठरवून कमी तेल काढतात तेव्हाही तेच. ‘तुटवडा’ असं सरसकट लिहिलं की तो आपोआप झाला असं वाटतं, केला असेल तर ‘कपात’ म्हणावं, नाव घेऊन म्हणावं.

सातबारा:
मग ‘उत्पादन’ शब्दाचं काय? तेल कुणी उत्पादित करत नाही, ते काढतात. मला ‘उपसा’ आवडतो.

माळरान:
उपसा म्हटलं की वाळूउपसा आठवतो, बेकायदा वास येतो त्याला 🙂

भूगर्भ:
उपसा सिंचन पण आहे की, त्याला कुठे वास येतो. मी उपसाच्या बाजूने आहे आणि कारण मनापासून सांगतो. उत्पादन म्हटलं की वाटतं अजून एक पाळी लावली की वाढेल. उपसा म्हटलं की खालून येतंय किती हा प्रश्न लगेच डोक्यात येतो. १९७३ चं संकट याच्याशिवाय समजत नाही. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धातही अरब देशांनी तेल रोखून बघितलं होतं, काही फरक पडला नाही, कारण अमेरिकेत तेव्हा मुद्दाम झाकून ठेवलेला उपसा होता. टेक्ससमध्ये कुठल्या विहिरीने किती काढायचं ते टेक्सस रेलरोड कमिशन ठरवायचं (नाव रेल्वेचं, काम तेलाचं), भाव पडू नये म्हणून ते विहिरी अर्ध्यामुर्ध्या चालवायला लावायचं. म्हणजे गरज पडली की चावी सैल करता येत होती. १९७० मध्ये अमेरिकेचा उपसा रोजच्या ९६ लाख बॅरलच्या आसपास शिखरावर पोचला आणि उतरायला लागला, १९७२ मध्ये कमिशनने पूर्ण क्षमतेने काढायला परवानगी दिली, म्हणजे हातचं काही राहिलंच नाही. दीडेक वर्षात ऑक्टोबर १९७३ उजाडला, अरब देशांनी तेल अडवलं आणि तीन डॉलरचं बॅरल जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकराच्या पुढे गेलं. अडवणूक दोन्ही वेळा झाली, फरक फक्त हातच्या उपशाचा. त्याला ‘राखीव क्षमता’ म्हणतात, मला ‘हातचा उपसा’ जास्त बरा वाटतो. हा शब्द मराठी बातम्यांत जवळपास येतच नाही आणि मग दर वेळी भाव का भडकला ते वाचकाला कळत नाही, नुसतं युद्ध युद्ध एवढंच कळतं.

कृष्णाकाठ:
हातचा उपसा छान आहे, घेतला.

वायरमन:
विजेच्या बाजूने दोन शब्द. ‘भारनियमन’ हा सरकारी शब्द, लोक लोडशेडिंगच म्हणतात, आणि शेतकरी तर नुसतं विचारतो, आज दिवसाची लाईट आहे का रातची? दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास थ्री फेज, या चक्रात कित्येक वर्षं गेली, रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन दारं मोडायला (शेतात पाणी वळवायला) जाणाऱ्या माणसाला ‘नियमन’ शब्द लागू पडत नाही. आणि लोडशेडिंग सगळ्यांना सारखं नव्हतं, गळती आणि थकबाकी बघून फीडरचे (भागाभागाला वीज नेणाऱ्या लाइनींचे) गट पाडलेले. त्यामुळे तुटवडा लिहिताना ‘कुणाला’ हे लिहाच.

दुसरं ‘स्थापित क्षमता’. दाभोळचा प्रकल्प १९६७ मेगावॅटचा, आधी २००१ मध्ये भाव आणि थकबाकीच्या भांडणात बंद पडला, २००६ ला परत उठवला, पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला तेव्हा परत संच बंद. मेगावॅट जागेवर उभे, जाळायला गॅस नाही. क्षमता वाचून वीज आहे असं समजू नये.

भूगर्भ:
‘कुणाला’ हा मुद्दा फार मोलाचा. २०२२ घ्या. रशियाचा पाइपचा गॅस आटला तसा युरोपने जहाजाने येणारा एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला गॅस) मिळेल त्या भावाने उचलला. तिथला घाऊक भाव आधी वर्षानुवर्षं मेगावॅट-तासाला (हजार युनिट ऊर्जेला) वीसेक युरो असायचा, तो ऑगस्टमध्ये तीनशेच्या वर गेला. बिलं बघून लोक हबकले, अमोनियाचे आणि ॲल्युमिनियमचे कारखाने बंद झाले, पण घरातली शेगडी विझली नाही. त्याच महिन्यांत पाकिस्तानने एलएनजीसाठी निविदा काढली तर जुलैमध्ये एकही बोली आली नाही. बांगलादेशने महाग गॅस घेणंच थांबवलं, डिझेलवरची केंद्रं बंद केली, वेळापत्रक लावून लोडशेडिंग सुरू केलं, शाळांना आठवड्याला दोन दिवस सुट्टी दिली. गॅस तोच, जहाजं तीच. श्रीमंत देशात ती महागाई झाली आणि गरीब देशात तुटवडा. म्हणून ‘जागतिक ऊर्जाटंचाई’ हा शब्द मला खटकतो, टंचाई जागतिक नव्हती, जागतिक होता तो भाव, टंचाई ढाक्यात आणि कराचीत होती. लेखात हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर अर्धं अर्थकारण तिथेच सांगून होईल.

सातबारा:
ॲल्युमिनियमचं बरोबर. टनाला चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते, म्हणून १९७० च्या दशकातल्या दोन तेलसंकटांनंतर जपानमध्ये वीज महागून ते गाळणं जवळजवळ संपलं आणि आइसलंडसारख्या चिमुकल्या देशात, जिथे धरणाची आणि भूगर्भातल्या उष्णतेची स्वस्त वीज आहे तिथे, मोठे कारखाने उभे राहिले. याला लोक ‘वीज निर्यात’ म्हणतात ते पटतं मला, धातूच्या रूपाने वीजच जहाजात भरतात.

माळरान:
खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. एक राहिलं, कोळशाबद्दल ‘साठा’ तसाच ठेवू ना?

वायरमन:
ठेवा, पण कुठला ते लिहा. एप्रिल २०२२ ला कडक उन्हाळा होता, २९ तारखेला देशाची मागणी २०७ गिगावॅटवर गेली, तेव्हा खाणीच्या तोंडाशी कोळसा होता आणि वीज केंद्रांच्या यार्डात मात्र खडखडाट, मधे रेल्वेच्या रेक (कोळसा वाहणाऱ्या मालगाड्या) कमी पडत होत्या. कोळशाच्या गाड्यांना वाट मोकळी करायला पॅसेंजर गाड्या रद्द केल्या. त्या वेळी मंत्री म्हणत होते साठा पुरेसा आहे आणि वीज केंद्रवाले म्हणत होते साठा नाही, दोघं वेगवेगळ्या ढिगाबद्दल बोलत होते. ‘खाणीवरचा साठा’ आणि ‘केंद्रावरचा साठा’ असं लिहिलं की काम झालं.