खर्चाची 'नोंद', 'मागोवा' की 'पाळत'?

भाषांतरकार:
एका पतसंस्थेच्या अ‍ॅपची संमती-सूचना मराठीत करते आहे. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यानुसार ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची मुभा ग्राहकाला द्यावी लागणार आहे, त्यातलं हे काम. अडलंय एका वाक्यावर. ग्राहक कुठे, कधी, किती खर्च करतो ते अ‍ॅप सतत टिपणार आणि त्या बदल्यात महिन्याचा हिशेब, बिलांची आठवण, कर्जाची मर्यादा हे सगळं आपोआप मिळणार. मी लिहिलं, 'आम्ही तुमच्या खर्चाचा मागोवा घेतो.' तपासणाऱ्यांनी ते खोडून 'खर्चाची नोंद ठेवतो' केलं. त्यांचं म्हणणं, मागोवा होऊन गेलेल्या गोष्टींचा घेतात, सरत्या वर्षाचा वगैरे. मला 'नोंद' फार मवाळ वाटतं. शिवाय मथळ्यात 'गोपनीयता धोरण' आहे, ते तसंच ठेवावं का?

गिरगावकर:
'नोंद' चालणार नाही. नोंद वाणीही ठेवायचा. उधारीच्या वहीत तारीख, माल, रक्कम, आणि वही गल्ल्याखाली. तुमच्या घरात महिन्याला किती साखर लागते ते वाण्याला ठाऊक असायचं, पण ते समोरच्या डॉक्टरला, घरमालकाला, कर्ज देणाऱ्याला आपसूक कळत नसे. नोंद एका जागी बसून राहते. इथे तसं नाही, म्हणून सरळ 'पाळत' लिहा.

धातुपाठ:
पाळत नको. पाळत ठेवणारा समोरच्याला सुगावा लागू देत नाही, आणि इथे तर सांगून चाललंय. शब्द 'माग' हाच. मार्ग, मग्ग, माग अशी त्याची वाट, आणि मार्गाच्या मुळाशी मृग् धातू, म्हणजे शोधणे. गावाकडचा पागी पावलांचे सुटे ठसे जोडत जोडत चोराच्या दारापर्यंत पोचायचा. त्याच्या कामाला 'माग काढणे' म्हणत. 'मागोवा' त्याच घरातला, फक्त वार्षिक आढाव्यांनी त्याची धार घालवली.

जमाखर्च:
शब्द ठरवण्याआधी नेमकं काय टिपलं जातं ते पाहू, कारण 'खर्च दिसतो' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो: पैशांचा व्यवहार, दुकानाचं बिल आणि आपला यूपीआय पत्ता.

दादरच्या फूलबाजारात गाडीवरचा क्यूआर स्कॅन केला असं धरा. त्या स्टिकरमध्ये फुलवालीचा यूपीआय पत्ता (आयडी) आणि नाव असतं, रक्कम नसते. ती आपण टाकतो, मग पिन. या व्यवहारात तारीख, वेळ, रक्कम, देणाऱ्या-घेणाऱ्याचे पत्ते आणि १२ आकडी संदर्भ क्रमांक राहतो. घेणारा व्यापारी म्हणून नोंदलेला असेल तर चार आकडी व्यवसाय-संकेतही. ५४११ म्हणजे किराणा, ५८१२ उपाहारगृह, ५९१२ औषधाचं दुकान.

यात काय घेतलं ते नसतं. पण दर २८-३० दिवसांनी ५९१२ खाली साधारण तेवढीच रक्कम जात असेल, तर त्या घरात कुणाचं तरी कायमचं औषध चालू आहे हे गोळीचं नाव न कळताही कळतं. एकेक ओळ पाहिली तर ती नोंद आहे, आणि तारखा एकाखाली एक लावल्या की माग. धातुपाठ यांच्याशी सहमत.

गोळीचं नाव दुकानाच्या बिलात असतं. बिल आणि पैसे हे दोन वेगळे ठसे आहेत, आणि त्यांना जोडणारा दोरा म्हणजे काउंटरवर सांगितलेला मोबाइल नंबर. बिलासाठी नंबराचा आग्रह धरू नका असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं होतं. 'नंबर देत नाही, छापील बिल द्या' एवढं म्हटलं तरी पुरतं. मात्र मग दुकानाचे सवलतीचे पॉइंटही जमत नाहीत. त्या सोयीची ती किंमत.

आता तुमचा स्वतःचा यूपीआय पत्ता. पुष्कळांच्या पत्त्यात अ‍ॅटच्या चिन्हाआधी मोबाइल नंबरच असतो, म्हणजे दहा रुपयांच्या शेवंतीबरोबर नंबरही जाऊ शकतो. प्रोफाइलमध्ये यूपीआय आयडीचं पान उघडा, नंबर नसलेला नवा आयडी बनवा, तो मुख्य करा, मग जुना काढा. घोटाळा होतो तो शेवटच्या पायरीला. जुन्या आयडीवर एसआयपी किंवा विजेच्या बिलाचं ऑटोपे लावलेलं असेल तर हप्ता चुकू शकतो. आधी ऑटोपेची यादी पाहा.

यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या खर्चांसाठी आधी पैसे भरून ठेवायची सोय, तिच्याबद्दलही गैरसमज आहे. त्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात आणि शिल्लक ५,००० पर्यंत ठेवता येते. वडापाव, रिक्षा असले खर्च पासबुकात एकेक उमटत नाहीत, फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. पण अ‍ॅपच्या इतिहासात ते सगळे असतात. ते पासबुकातून गेले, मागातून गेले नाहीत.

शुद्धलेखन:
एक विनंती. मथळा बदललात तर 'खासगी' लिहा, 'खाजगी' नको. खास वरून खासगी. स चा ज होण्याचं काही कारण नाही.

गिरगावकर:
सगळा महाराष्ट्र 'खाजगी' बोलतो, एसटी थांब्याजवळच्या पाट्यांवरही 'खाजगी वाहने' असतं. उच्चारात स पुढच्या ग मुळे सघोष होतो, म्हणजे ज सारखा घुमतो. ही चूक नव्हे, जिभेची सोय आहे.

शुद्धलेखन:
जिभेची सोय म्हणून लेखन बदलायचं ठरवलं तर थांबायचं कुठे?

धातुपाठ:
दोन्ही लिहितात, दोन्ही कळतात. मला 'खासगी'चं मोल वेगळ्याच कारणासाठी वाटतं. मराठेशाहीत तो हिशेबाचाच शब्द होता. होळकरांकडे 'दौलत' आणि 'खासगी' अशी पैशाची दोन निराळी खाती. खासगीचं उत्पन्न राजघराण्यातल्या स्त्रीच्या अखत्यारीत असे आणि अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, देवळं बांधली ती याच पैशातून. दौलतीच्या कारभाऱ्याने खासगीच्या खर्चात हात घालायचा नाही. खासगीवाले हे आडनावही त्या खात्याच्या कारभारावरून आलं. मग माणसाच्या खर्चाबद्दल बोलताना आपला जुना शब्द सोडून 'गोपनीयता' कशाला?

भाषांतरकार:
'गोपनीयता'त मला खटकतं ते हे की वाचणाऱ्याला वाटतं, ज्याला काही लपवायचंय त्याचाच हा विषय. 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' म्हणून लोक न वाचता 'मान्य' दाबतात. औषधाचा खर्च लपवण्यासारखा नसतो, पण तो आपला असतो.

धातुपाठ:
मुळात तसं नव्हतं. संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत 'गुपू रक्षणे' आहे, राखणे हा अर्थ. लपवणं नंतर वर आलं.

गिरगावकर:
मूळ राहू द्या, आजचा वापर पाहा. मंत्री 'पद आणि गोपनीयतेची' शपथ घेतात. म्हणजे कामाच्या ओघात हाती आलेली माहिती बाहेर फोडणार नाही. गोपनीयता पाळायची असते ज्याच्या हाती दुसऱ्याची माहिती आहे त्याने. त्या अर्थाने पतसंस्थेचं 'गोपनीयता धोरण' बरोबर आहे, ते संस्थेचं कर्तव्य. ग्राहकाकडे असतो तो खासगीपणा. दोन्ही शब्द ठेवा, ज्याचा त्याच्या जागी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला राज्यघटनेच्या कलम २१ खाली मान्य केला तो हा दुसरा, माणसाचा.

भाषांतरकार:
हे पटलं. मग वाक्य असं होईल: 'सोयीसाठी तुम्ही तुमच्या खासगीपणाची…' पुढे काय? देवाणघेवाण? तडजोड?

शुद्धलेखन:
'विनिमय'.

गिरगावकर:
विनिमय म्हटलं की परकीय चलन आठवतं. 'सौदा' म्हणावं तर सौद्यात दोन्ही बाजूंना भाव माहीत असतो. 'गहाण' म्हणा.

जमाखर्च:
गहाण सोडवता येतं. हे अर्धंच सुटतं. कायद्याने संमती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं, पण मागे घेण्याआधी संमतीच्या आधारे जी प्रक्रिया झाली ती बेकायदा ठरत नाही. संमती मागे घेतली की माहिती पुसणं संस्थेवर बंधनकारक आहे, पण दुसऱ्या कायद्याने ठेवावी लागणारी माहिती राहते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

आणखी एक गफलत सूचनेत जरूर टाळा. फोन म्हणतो 'परवानगी', कायदा म्हणतो 'संमती', आणि लोकांना हे एकच वाटतं. खर्च मोजणारी कित्येक अ‍ॅप्स बँकेचे एसएमएस वाचून आकडे उचलतात. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात ते अ‍ॅप, मग परवानग्या, तिथे एसएमएस बंद केलं की पुढचं वाचन थांबतं. आधी उचललेलं कंपनीकडेच राहतं. परवानगी फोनकडून काढून घ्यायची, संमती कंपनीकडून मागे घ्यायची. सूचनेत ही दोन वाक्यं वेगळी असली तर वाचणाऱ्याचं खरंच भलं होईल.

भाषांतरकार:
घेते. बटणावर 'संमती देतो/देते' होतं, ती तिरपी रेघ डोळ्यात खुपते. 'माझी संमती आहे' केलं तर लिंगाचा प्रश्नच उरत नाही. नकाराला 'माझी संमती नाही', त्याच आकाराच्या अक्षरात.

शुद्धलेखन:
छान. आणि 'डेटा' ऐवजी 'विदा'?

गिरगावकर:
'विदा' वाचून मुंबईत निम्म्यांना हिंदीतला निरोप आठवेल. 'माहिती' पुरे.

धातुपाठ:
विद् म्हणजे जाणणे, शब्द चांगला घडवलाय. पण ज्या कागदावर माणूस हक्क देतोय तिथे त्याला न रुळलेला शब्द नको, हे मान्य. 'सोय' मात्र सोडू नका. सोय जाणे तो सोयरा. सोय जाणणाऱ्याला आपण घरचा मानतो आणि घरच्यापासून काही राखत नाही. या व्यवहाराचं सगळं बळ त्या शब्दात आहे.

जमाखर्च:
जिथे निवडच नाही तिथे 'सोय' लिहू नये. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. नाक्यावरून गाडी किती वाजता गेली ते खात्यात उमटतं. रांग कमी झाली ही सोय खरी, पण तिच्यासाठी आपण होकार दिलेला नाही.

गिरगावकर:
यूपीआयला निवड होती, आणि ती लोकांनी केली सुट्ट्यांच्या त्रासापायी. भाजीच्या गाडीवर पाचशेची नोट काढली की 'छुट्टा दो' ऐकावं लागायचं, किराण्यात दोन रुपयांऐवजी चॉकलेट हातावर यायचं.

शुद्धलेखन:
'सुट्टे' की 'सुटे'? आणि मुंबईबाहेर बऱ्याच ठिकाणी 'मोड' म्हणतात.

धातुपाठ:
सुटणे वरून सुटे, बोलताना ट जोर घेतो. मोड नोट मोडण्यावरून. 'चिल्लर' मात्र दक्षिणेकडून आलाय, कन्नडमध्ये चिल्लरे, तमिळमध्ये चिल्लरै.

गिरगावकर:
पण मोड आणि चिल्लर एक नव्हे. पाचशेच्या पाच शंभराच्या नोटा दिल्या तर ती मोड झाली, तिला चिल्लर कुणी म्हणणार नाही.

शुद्धलेखन:
चिल्लर फक्त नाण्यांना. दहाच्या नोटांच्या गड्डीला काय म्हणाल?