सांगलीत सापडलेला पाळीव कुत्रा : नोंद कोठे करावी, दुसऱ्याकडे केव्हा सोपवावा?

विश्रामबागकर (प्रश्न)

गेल्या रविवारी पहाटे शंभर फुटी रस्त्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर तपकिरी रंगाचा लॅब्राडॉर बसलेला दिसला. गळ्यात कातडी पट्टा होता. मात्र त्यावर ना नाव होते, ना दूरध्वनी क्रमांक. मागच्या पायाने तो किंचित लंगडतो आणि ‘बस’ म्हटले की लगेच बसतो, त्यामुळे तो कोणाच्या तरी घरात वाढलेला आहे याविषयी मला शंका नाही. त्याला घरी आणून आज चौथा दिवस आहे. आसपासच्या गल्ल्यांत, चहाच्या टपऱ्यांवर आणि औषधांच्या दुकानांत विचारून झाले, पण मालकाचा माग लागलेला नाही. शेजारचे काका म्हणतात की महानगरपालिकेची गाडी बोलवा. तासगावचे एक परिचित बागायतदार त्याला द्राक्षबागेवर राखणीसाठी आजच न्यायला तयार आहेत. मला दोन्ही गोष्टींची धास्ती वाटते. गाडीने नेल्यावर त्याचे पुढे काय होते? आणि तो मी असा परस्पर कोणाला देऊ शकतो का?

कृष्णाकाठ

मी एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आरोग्य विभागात अनेक वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून सांगतो. गाडी बोलावू नका. ती गाडी मोकाट कुत्र्यांसाठी असते आणि तिचे काम प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनुसार चालते. कुत्रा पकडायचा, त्याच्या गळ्यात क्रमांकाचा पट्टा घालायचा, निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाल्यावर किमान चार दिवस शुश्रूषा करायची, ओळखीसाठी कानाला खूण करायची आणि जेथून उचलला तेथेच नेऊन सोडायचा, असा तो क्रम आहे. मोकाट कुत्र्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे, कारण त्याचा इलाका तोच असतो. परंतु तुमच्याकडील कुत्र्याचा शंभर फुटी रस्ता हा इलाका नव्हे. तो तेथे पुन्हा सोडला गेला, तर तेथील टोळी त्याला टिकू देणार नाही.

यात अलीकडे एक बदल झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ मधील आदेशानुसार शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री परत तेथे न सोडता निवारा केंद्रात ठेवायची आहेत. म्हणून ज्यांचे कुत्रे एस. टी. स्थानकाच्या किंवा मिरज जंक्शनच्या परिसरात हरवले असेल, त्यांनी अशा केंद्रात स्वतः जाऊन पाहावे, केवळ दूरध्वनीवर विसंबू नये. पट्टा गळून पडलेले घरचे कुत्रे आणि मोकाट कुत्रे यांतील फरक फोनवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला कसा कळणार?

तुम्ही मात्र आज एवढे करा. छायाचित्र, सापडल्याची जागा, दिवस आणि वेळ लिहून महानगरपालिकेकडे अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. श्वान परवान्याची नोंदवही तेथे असल्यास या वर्णनाचा कुत्रा तिच्यात आहे का, तेही त्याच अर्जात विचारा. तशीच एक प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात द्या.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. भरकटलेल्या जनावरांसाठी आपल्याकडे १८७१ च्या कायद्यापासून कोंडवाड्याची रीत आहे, आणि त्या कायद्यातील ‘गुरे’ या शब्दात हत्ती-उंटांपासून शेळ्या-मेंढ्यांपर्यंत सगळी येतात. कुत्रा मात्र त्यात नाही. हरवलेल्या पाळीव कुत्र्याला मालक येईपर्यंत आठ-दहा दिवस ठेवून घेणारी आणि त्याची जाहीर नोंद करणारी जागा प्रत्येक शहरात असायला हवी, असे मला नोकरीत असतानाही वाटत होते आणि आजही वाटते.

वकील, मिरज

कायद्याच्या दृष्टीने पाळीव कुत्रा ही मालकाची जंगम मालमत्ता आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू जो आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी येते. तुम्ही त्याला परत देण्याच्या हेतूने घरी आणले आहे, त्यात गैर काहीच नाही. परंतु मालकाचा पुरेसा शोध न घेता आणि त्याला वाजवी मुदत न देता तो स्वतःचा म्हणून ठेवला किंवा देऊन टाकला, तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अप्रामाणिक अपहारात मोडू शकते. वाजवी मुदत म्हणजे किती दिवस, हे कलमात दिलेले नाही. ते परिस्थितीवर ठरते. चार दिवस मला फार कमी वाटतात. बागायतदारांना थांबायला सांगा. पुढे कुत्रा द्यायची वेळ आलीच, तर लेखी द्या आणि मालक आल्यास परत करण्याची अट त्यात घाला. त्याला कंटाळून रस्त्यावर सोडून देणे मात्र टाळा, कारण उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

गोडोली, सातारा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने आमची चिंगी फाटकातून निसटली आणि नवव्या दिवशी वाढे फाट्याच्या पलीकडील एका गोठ्यात सापडली. त्या शेतकरीदादांनी तिला बांधून ठेवले होते आणि गावातल्या दूध संकलन केंद्रावर कागद लावला होता. दूध घालायला माणसे सकाळ-संध्याकाळ येतात, त्यामुळे ती बातमी आमच्यापर्यंत तोंडोतोंडी पोहोचली. आपणही धामणी, हरिपूर, अंकली या बाजूंच्या दूध केंद्रांवर कागद लावावा. घाबरलेले कुत्रे किती लांब जाते याचा आम्हाला अंदाजच नव्हता. दादांनी कागदावर तिच्या फाटक्या कानाचा उल्लेख मुद्दाम केला नव्हता. मी तो आपणहून सांगितला, तेव्हाच त्यांनी दावे सोडले. आपणही लंगडण्याखेरीजची एखादी खूण मनात राखून ठेवावी. चिंगीच्या पट्ट्यावर आमचा क्रमांक असता, तर ते नऊ दिवस आमच्या घरावर आले नसते, हे मी अजून विसरलेले नाही.

पशुवैद्य

लंगडणारा पाय तपासून घ्या आणि त्याच वेळी मायक्रोचिप पाहायला सांगा. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात आणि स्कॅनरवर तिचा १५ अंकी क्रमांक दिसतो. सगळ्या दवाखान्यांत स्कॅनर नसतो, म्हणून आधी विचारून जा. लसीकरणाची माहिती नसल्यामुळे रेबीजची लस पुन्हा दिलेली बरी. घरात दुसरा प्राणी असल्यास काही दिवस दोघांना वेगळे ठेवा. तो कोणाला चावला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे.

विश्रामबागकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज दोन्ही ठिकाणी अर्ज दिले आणि पोच घेतली. तासगावच्या परिचितांना महिनाभर थांबण्याची विनंती केली, ती त्यांनी मान्य केली. दवाखान्यात चिप आढळली नाही. पायात काटा रुतून पू झाला होता, तो काढला आहे. उद्या सकाळी धामणीच्या दूध केंद्रावर कागद लावायला जातो. त्याच्या पोटावर एक खूण आहे, ती मी येथेही लिहीत नाही.