तैवानचा १८ नंबरचा काळा चहा: कडू होतो, वर साय धरते, मलमासारखा वास येतो. चूक कुठे?

कोरा_चहा_दर्यापूर:
तैवानच्या काळ्या चहाचं ५० ग्रॅमचं पाकीट आहे. त्यावर ‘नंबर १८, रूबी, सन मून लेक’ एवढंच वाचता येतं, बाकी सगळी चिनी अक्षरं. पत्ती आपल्यासारखी दाणेदार नाही. लांब, पीळ घातलेली, काळी. नेहमीच्या पद्धतीनं केला: गंजात (पातेल्यात) दोन कप बोअरचं पाणी, दीड चमचा पत्ती, चार मिनिटं उकळला. दूध-साखर नाही. तीन अडचणी आहेत. जीभ आखडेल इतका तुरट आणि कडू होतो. निवताना वर तपकिरी साय धरते. कप कलता केला की तिचे तुकडे पडतात आणि कडेला चिकटून बसतात. तिसरं म्हणजे कंबरदुखीच्या मलमासारखा वास. वरून सुगंध मिसळला असेल का? बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ११०० आहे, घरच्या आरओचा ४०.
‘हनी ब्लॅक’ असंही एक पाकीट आहे, ते फोडलेलं नाही. त्यात मध असतो का?

गाळणी:
दादा, आधी वासाचं सांगतो, कारण त्या वासासाठीच हा चहा नावाजला आहे. मलमात जे मिथाइल सॅलिसिलेट असतं, तेच या जातीच्या पानात आपोआप तयार होतं. तैवानच्या सरकारी चहा संशोधन केंद्रानं ही जात १९९९ मध्ये दिली. म्यानमारकडचा मोठ्या पानाचा आसामी चहा आणि तैवानच्या डोंगरातला रानचहा यांचा हा संकर. लागवड मुख्यतः नानतोउ जिल्ह्यातल्या युची भागात, सन मून लेकच्या आसपास. ते तळं सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. जाणकार या चहात दालचिनी आणि पुदिना शोधतात. तुमच्या नाकाला मलम सापडलं, म्हणजे नाक बरोबर जागी पोचलं. फक्त उकळल्यामुळे नाजूक वास वाफेबरोबर गेले, तो एकटा ठसठशीत उरला आणि कडूपणाला लागून आल्यानं औषधी वाटला.
सुगंध चोपडलेला आहे का, हे घरीच कळतं. एकाच पत्तीवर तीनदा पाणी घाला. वरून लावलेला वास पहिल्या पाण्यातच बहुतेक निघून जातो, पानातला वास तिसऱ्या पाण्यापर्यंत हळूहळू उतरत जातो. भिजलेली पत्ती ताटलीत पसरून पाहा. तांबूस-तपकिरी, बोटभर लांब पानं उलगडली पाहिजेत, बऱ्याच ठिकाणी देठासकट.

पाणी_आधी:
साय म्हणजे पाण्याची तक्रार आहे, चहाचा दोष नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, चहातली तुरट द्रव्यं आणि वरची हवा, हे एकत्र आले की पृष्ठभागावर तो पापुद्रा धरतो. त्याच पाण्यात रंग काळपट होतो आणि चव बोथट. एकदा आरओच्या पाण्यात करून बघा, साय जवळजवळ दिसणार नाही. मात्र निव्वळ ४० टीडीएसच्या पाण्यात चहा थोडा पोकळ लागतो. १ लिटर आरओच्या पाण्यात ८० मिली बोअरचं घाला, टीडीएस १२० च्या जवळ येईल. माझ्या मते १०० ते १५० मध्ये हा चहा सगळ्यात मोकळा बोलतो.
निवल्यावर अख्खा चहा गढूळ झाला तर ती वेगळी गोष्ट. कॅफिन आणि चहातली रंगद्रव्यं थंडाव्यात एकमेकांना धरतात, त्याचा तो गढूळपणा. कपात गरम पाणी घातलं की जातो. तो दोष नाही, उलट चहा कसदार असल्याची खूण आहे.

पूर्णाकाठ:
दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं, म्हणून थोडी दुरुस्ती. ११०० मध्ये चुना किती आणि मीठ किती, हे मीटर सांगत नाही. साय धरते, म्हणजे कॅल्शियम आहे हे खरं. पण आपल्या पट्ट्यात सोडियमचे क्षारही भरपूर असतात आणि त्यांचा चहाला काही उपयोग नाही. मिसळायचं असेल तर गोड्या विहिरीचं मिसळा. नसेल तर सरळ आरओचंच घ्या आणि पत्ती अर्धा ग्रॅम वाढवा.
बोअरचं पाणी उकळून, निवळून वापरता येतं का, असं बरेच जण विचारतात. उकळल्यावर जो पांढरा थर बसतो, तेवढाच चुना कमी होतो. खारेपणा तसाच राहतो, उलट पाणी आटल्यानं थोडा वाढतोच. धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर ते बोअरपेक्षा खूप बरं. क्लोरीनचा वास जायला ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवा.

गाळणी:
आता करायची रीत. आपली सीटीसी पत्ती चिरडून, फाडून दाणा केलेली असते, त्यामुळे दोन मिनिटांत सगळं देऊन टाकते. ही पानं अख्खी आहेत. ती शिजवायची नाहीत, भिजवायची.
चमच्याच्या मापानं इथे फसगत होते. लांब पत्ती फुगीर असते. चमच्यात दाणेदार पत्ती मावते त्याच्या जेमतेम निम्मं वजन बसतं. काटा नसेल तर पाकिटातली पत्ती कागदावर ओतून १६ सारखे वाटे करा. एक वाटा म्हणजे साधारण ३ ग्रॅम.
३ ग्रॅमला १५० मिली पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करा आणि बुडबुडे शांत होईपर्यंत थांबा, म्हणजे ९५ अंशांच्या आसपास येतं. चिनी मातीचा मग आधी गरम पाण्यानं विसळून घ्या. पातळ स्टीलच्या पेल्यात पाणी फार लवकर निवतं आणि चहा अर्धवट उतरतो. पत्ती घाला, पाणी ओता, बशी झाका, ३ मिनिटांनी गाळून सगळा चहा वेगळा करा. ‘सगळा’ हे महत्त्वाचं! तळाशी दोन घोट राहिले तर पत्ती त्यात भिजत राहते आणि पुढचं पाणी कडू होतं. गाळणीतला चोथा चमच्यानं दाबू नका. दुसरं पाणी ४ मिनिटं, तिसरं ६.
लहान किटलीत करायचा असेल तर ११० मिलीला ५ ग्रॅम, पहिलं पाणी २० सेकंद, पुढे दर वेळी ५-१० सेकंद वाढवत न्या. सहा-सात पाणी निघतात. पहिल्या दोनांत दालचिनी पुढे असते, मग पुदिन्याचा गारवा वर येतो. लोखंडी भांडं टाळा. लोखंड आणि चहाची तुरट द्रव्यं मिळून शाईसारखा काळा रंग होतो.
चव पारखायचीच असेल तर मुद्दाम कडक करा: १०० मिलीला २ ग्रॅम, उकळतं पाणी, ६ मिनिटं. चहा चाखण्यासाठीच्या आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकातली रीत हीच. त्यात चहाचे दोष लपत नाहीत. आधी गरम पत्तीचा वास घ्या, मग चमच्यानं फुरका मारून प्या आणि तोच चहा कोमट झाल्यावर पुन्हा. या जातीचा गारवा कोमट झाल्यावरच नीट कळतो.

कपाशी_अकोट:
‘हनी ब्लॅक’मध्ये मध नसतो, तुडतुडे असतात! कपाशीच्या पानाखाली तिरके पळणारे हिरवे तुडतुडे आपण ओळखतो; रस शोषला की पानं खाली वळतात, कडा पिवळ्या आणि मग लालसर होतात. त्यांचाच भाऊबंद कीटक चहाचे कोवळे शेंडे चावतो. शेंडा खुरटतो, पण झाड बचावासाठी जी सुगंधी द्रव्यं सोडतं, त्यातून पिकलेल्या फळासारखा, मधाळ वास तयार होतो. तैवानच्या पूर्वेला हुआलिएनमधलं रुईसुई त्यासाठी प्रसिद्ध आहे. हा वास हवा असेल तर तुडतुडे मारायची फवारणी करताच येत नाही. जी कीड आपलं पीक बसवते, तीच तिथे चहाला भाव मिळवून देते. उन्हाळ्यात तुडतुडे जास्त असतात, म्हणून उन्हाळी तोडणीचा माल सरस. हा चहा जरा नाजूक आहे: ९० अंश, अडीच मिनिटं.

कोरा_चहा_दर्यापूर:
पाहुणे सहा आहेत, तर १८ नंबर एकदाच कसा करावा? आणि दोघं दुधाशिवाय पीत नाहीत.

गाळणी:
सहा जणांना १२० मिलीप्रमाणे ७२० मिली पाणी, १४ ग्रॅम पत्ती. पत्ती थोडं पाणी पिऊन घेते, म्हणून पाणी ८०० मिली घ्या. गंजात उकळी आणून गॅस बंद करा, बुडबुडे बसले की पत्ती घाला, झाकण ठेवा, साडेतीन मिनिटांनी दुसऱ्या गरम भांड्यात पूर्ण गाळा. चोथा टाकू नका, निम्म्या पाण्यात आणखी एक वेळ होतो.
दूधवाल्या दोघांना आपला रोजचाच चहा करा. दुधातलं केसीन हे प्रथिन तुरट द्रव्यांना धरून बसतं आणि १८ नंबरचा गारवा दुधाखाली पार बुडतो. तैवानचाच दुधाला चालणारा हवा असेल तर नंबर ८ मागवा. युचीत १९२५ मध्ये आसामचं बी नेलं होतं, ती त्या आसामी वळणाची जात आहे. तिला दूध पेलतं.

पाणी_आधी:
आणि उरलेली पत्ती मसाल्याच्या फडताळात ठेवू नका. ती आठवड्यात लसूण-मसाल्याचा वास धरते. पत्ती काठोकाठ बसेल असा लहान, घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि मे महिन्यात घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत ठेवा. फोडलेलं पाकीट फ्रिजमध्ये नको. बाहेर काढलं की पत्तीवर दव धरतं. उन्हाळ्यात फ्रिजचा उपयोग वेगळा करा: ५०० मिली आरओच्या पाण्यात ५ ग्रॅम पत्ती, काचेच्या बाटलीत ८ तास फ्रिजमध्ये, मग गाळून घ्या. त्यात कडूपणा जवळजवळ उतरतच नाही.