किनाऱ्याकिनाऱ्याने लांबची बाइक टूर, प्लॅन कुठे चुकतोय सांगा

अर्धाक्लच

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, आज पहिला धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आणि एक मित्र, दोन बाइक, १६ दिवस, साधारण ३,६०० किमी, आणि अट एकच की रस्ता होईल तेवढा समुद्राला धरून पाहिजे. गर्दीचे बीच नकोत, जिथे वस्ती तुरळक आहे, दिवसभरात चार माणसं भेटली तर भेटली असा किनारा हवाय. नेमका कुठला यावर आमच्या दोघांत अजून मारामारी चालू आहे त्यामुळे कुठेही लागू पडेल असंच सांगा.

डोंगरातल्या टूर तीन झाल्यात, तिथे रोज ३५० मारलेत. म्हणून एक्सेलमध्ये साधा हिशोब केला, ३,६०० भागिले १५, म्हणजे रोज २४०, एक दिवस आराम. चैनच वाटतेय. बाइक ४०० सीसी, टाकी १३ लिटरची, अ‍ॅव्हरेज ३०, म्हणजे एका टाकीत ३९० किमी, त्यामुळे पेट्रोलचा कॅन नको असं मी म्हणतोय आणि मित्र म्हणतोय घेऊच. शिवाय त्याला पुळणीवर बाइक पळवायची जाम हौस आहे. आणि खाऱ्या हवेचं बाइकला नक्की काय होतं, का उगाच भीती घालतात लोक?

खाडीपल्याड

स्वागत! आणि ते एक्सेल आधी डिलीट कर.

डोंगरात घाट चढला की उतरायचा असतो, किनाऱ्यावर तसं नसतं, तिथे दर थोड्या वेळाने खाडी आडवी येते, आणि खाडीवर पूल असेलच असं नाही. नकाशावर किनाऱ्याला लागून पिवळी रेघ दिसते ती झूम करून बघ, मध्येच तुटलेली असेल, नाहीतर आत खोल जाऊन वळसा घालून परत आलेली असेल. माझं काय झालं सांगतो. संध्याकाळी जेटीवर पोचलो, समोरचं गाव इतकं जवळ की एका घराच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते, त्यातला लाल टॉवेल मला अजून आठवतो. फेरीबोट २० मिनिटांची. पण शेवटची फेरी दहा मिनिटांपूर्वी सुटलेली, मी तिची पाठच बघितली. रस्त्याने वळसा ९४ किमी आणि अंधार पडत आलेला. रात्र जेटीच्या शेडमध्ये काढली, सकाळी पहिल्या फेरीने पलीकडे गेलो, टॉवेल तिथेच.

तेव्हापासून माझा प्लॅन उलटा होतो. आधी सगळ्या फेऱ्या एका कागदावर काढायच्या, पहिली किती वाजता, शेवटची किती वाजता, कुठल्या वारी नाही, कुठल्या सीझनला बंद, बाइकला आधी बुकिंग लागतं का. मग त्यांच्या मधे मुक्काम बसवायचे. किलोमीटर शेवटी.

उदाहरणं हवी असतील तर नॉर्वेचा तो किनाऱ्याचा एफव्ही १७ बघ, साधारण ६५० किमीत सहा फेऱ्या. चिलीचा काररेतेरा आउस्त्राल १,२०० किमीच्या वर आहे, पुएर्तो मॉन्त सोडल्यावर पहिल्याच टप्प्यात फेऱ्यांशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि दुसऱ्या टोकाला व्हिया ओ'हिगिन्सला रस्ताच संपतो, म्हणजे गेलास तसाच परत ये. असल्या रस्त्यावर २४० ला काय अर्थ आहे सांग, एखाद्या दिवशी ४०० होतील आणि एखाद्या दिवशी ६०.

फेरीवर चढताना एक लक्षात ठेव, डेकचं लोखंड ओलं आणि वर डिझेल सांडलेलं असतं, पुढचा ब्रेक हळूच, पाय दोन्ही खाली. गाडी गिअरमध्ये टाकून साइड स्टँडवर, पुढच्या ब्रेकची लिव्हर वेल्क्रोच्या पट्टीने आवळून बांधायची, आणि बोटीवरच्या पोराने दोरी बांधली तरी आपला एक रॅचेट पट्टा सीटवरून टाकायचा. आणि वर चहा प्यायला जाऊ नका, गाडीजवळच थांबा (हे कोणी ऐकत नाही, मीही नाही ऐकत).

वाराखाणारी

खाडीपल्याडशी सहमत, फक्त त्यांनी वाऱ्याचं काहीच लिहिलं नाही आणि किनाऱ्यावर खरा मालक तोच आहे.

तुमचं ३० चं अ‍ॅव्हरेज विसरा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गात वाढतो. तुम्ही ८० ने चाललाय आणि समोरून ४० चा वारा आहे, तर बाइकला हवा १२० ची लागते, म्हणजे अडथळा सव्वादोन पट. माझ्या गाडीचं ३० चं अ‍ॅव्हरेज अशा वाऱ्यात मोजून २१ वर आलं होतं, दिवसभर. तुमच्या १३ लिटरला लावून बघा, २७३. त्यात वाळूचा तुकडा आला, चुकून एक वळसा पडला, की गेलं. मी तुमच्या जागी असते तर टाकी २२० ची आहे असं समजून पंप शोधले असते आणि मित्राचं ऐकून दोघांत मिळून एक ५ लिटरचा कॅन घेतला असता. आणि नकाशावर पंप आहे म्हणजे पंपात पेट्रोल आहे असं नाही हो, आडवळणाला टँकर आलेला नसतो, नाहीतर लाइट नसते, नाहीतर मालक लग्नाला गेलेला असतो. अर्धी टाकी झाली आणि पंप दिसला की भरायचं, पुढे स्वस्त मिळेल वगैरे विचार करायचा नाही. ऑस्ट्रेलियात नलारबॉरच्या ओसाड मैदानावरून जो आयर हायवे जातो त्यात बॅलाडोनिया ते कायगुना हा टप्पा १८० किमीचा, त्यातले १४६.६ किमी एकही वळण नाही. तिथे समोरून वारा लागला तर काय करता?

दुसरं म्हणजे टूर कुठल्या टोकाकडून सुरू करायची हे वाऱ्याला विचारा. त्या सीझनला वारा सहसा कुठून वाहतो ते आधी काढायचं आणि तो पाठीशी घ्यायचा. १५ दिवस समोरून वारा खाणं आणि पाठीवर घेणं या दोन वेगळ्या टूर आहेत, मी दोन्ही केल्यात, पहिलीच्या शेवटी मान हलत नव्हती.

आणि पहाटे निघा. जमीन उन्हाने तापत जाते तशी समुद्रावरून हवा आत ओढली जाते, दुपारी त्याचा जोर सगळ्यात जास्त. सकाळी तो नसतो. दहा-अकरापर्यंत दिवसाचा मोठा तुकडा उरकला की दुपारी फेरीची वाट बघत बसायला हरकत नाही. कड्याच्या आडोशातून एकदम उघड्यावर येता तिथे आणि मोठा ट्रक समोरून गेल्यावर जो फटका बसतो तिथे हात सैल ठेवायचे, हँडल गच्च धरलं की उलट गाडी जास्त वाकडी जाते. टॉप बॉक्स (सीटमागे उंचावर बसवतात ती पेटी) शक्य असेल तर नकोच, ते शिडाचं काम करतं. सामान खाली आणि बाजूला.

हो आणि नकाशावर रेघ ओढायच्या आधी परवानगी बघा. नामिबियाच्या स्केलेटन कोस्ट नॅशनल पार्कमध्ये मोटरसायकलला प्रवेशच नाही. लोक सगळं ठरवून गेटपर्यंत जातात.

पानाबारा

मीठ म्हणजे उगाच भीती नाही रे बाबा. कोरडं मीठ काही करत नाही, पण ते हवेतला ओलावा ओढून घेतं, मग जिथे जिथे बसलंय तिथे सारखं ओलसर राहतं, आणि लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे एकमेकांना लागून आहे, म्हणजे स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात, तिथे खारं पाणी मध्ये आलं की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो. अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि बोल्ट जाम. सहा महिन्यांनी उघडायला गेलास की डोकं तुटून हातात.

म्हणून निघायच्या आधी एक रविवार काढ. जे बोल्ट रस्त्यात उघडावे लागतील, अ‍ॅक्सल, चेन अ‍ॅडजस्टर, कॅलिपरचे, त्यांना अँटी-सीज (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लाव, पण टॉर्क बेताने, कारण चोपडलेला बोल्ट त्याच जोरात जास्त आवळला जातो. बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली, सीटखालचे कपलर (वायरींचे जोड) उघडून डायइलेक्ट्रिक ग्रीस (जोडात पाणी शिरू न देणारं). हेडलाइटच्या मागचं कपलर सगळे विसरतात, तिथेच हिरवं होतं.

रोज रात्री गोड्या पाण्याने बाइक धू. बादली आणि मग पुरे. प्रेशर वॉशर नको, तो मीठ बेअरिंगच्या सीलच्या आत ढकलतो. गरम इंजिनावर लगेच पाणी मारू नको. सकाळी डिस्कवर तांबूस पापुद्रा दिसेल, घाबरू नको, चार वेळा ब्रेक दाबलास की जातो, पण ते चार ब्रेक उतारावर नाही तर सपाटीवर मार.

चेनला रोज रात्री गरम असतानाच लूब, न चुकता.

वाराखाणारी

@पानाबारा बाकी सगळं मान्य पण चेनचं नाही पटलं. वाळूच्या रस्त्यावर चिकट लूब लावून निघालं की संध्याकाळपर्यंत चेनवर पॉलिश पेपर तयार होतो. माझं मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका टूरमध्ये शार्कच्या दातांसारखं झालं होतं, ते रोज लूब मारूनच.

पानाबारा

कुठलं लूब होतं ते सांग. गिअर ऑइल ओतलं असशील. :) गंमत सोड, मुद्दा बरोबर आहे. ओ-रिंगवाल्या, म्हणजे कड्यांत रबरी रिंगा असलेल्या चेनमध्ये खरं ग्रीस आतच कोंडलेलं असतं, बाहेरचं लूब फक्त गंज लागू नये आणि रबर कोरडं पडू नये म्हणून. तर डांबरी रस्ता असेल तर रोज पातळसं, वाळूचा दिवस असेल तर आदल्या रात्री वॅक्सवालं मारून सकाळी निघताना फडक्याने पुसून घ्यायचं. तडजोड मान्य?

वाराखाणारी

मान्य. आणि गिअर ऑइलच होतं.

अर्धाक्लच

बाप रे, वाखुसा (वाचनखूण साठवली). एक्सेल डिलीट केलं. पण पुळणीचं कोणीच बोलत नाहीये, मित्र खोदून खोदून विचारतोय.

ओहोटी पाहिलेला

मी बोलतो, कारण मी ते करून बसलोय.

ओल्या वाळूचा टणक पट्टा बघितला आणि गाडी उतरवली. मस्त चालली, अर्धा तास. मग फोटोसाठी साइड स्टँड लावला, खाली काही न ठेवता. स्टँड हळूहळू रुतत गेला आणि गाडी माझ्या डोळ्यांसमोर झोपली, एकदम सावकाश, जशी म्हैस बसते तशी. एकट्याने उचलताना मागचं चाक अजून रुतलं. आणि भरती सुरू झालेली. पहिल्या तासात पाणी इतकं हळू येतं की माणूस निवांत राहतो. ओहोटीपासून भरतीला सहा तासांच्या जरा वर लागतात, पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, मग दोन, मग तीन, परत तीन, मग दोन, मग एक. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात अर्ध पाणी येतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, मी दुसऱ्या तासाकडे बघून अंदाज बांधत होतो. पाणी अ‍ॅक्सलला लागलं तेव्हा जाळी ओढणारे सहा जण आले आणि उचलून नेली, नाहीतर आज हा प्रतिसाद लिहायला माझ्याकडे बाइकच नसती. इंजिन चालू केलं नव्हतं हे एकच शहाणपण केलं, एअर फिल्टरमधून खारं पाणी आत गेलं असतं तर तिथेच कारभार आटोपला असता.

तर मित्राला सांग, पहिलं म्हणजे तिथे गाडी न्यायला परवानगी आहे का ते बघ, कित्येक किनाऱ्यांवर बंदी असते आणि ती बरोबरच असते, भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत पक्षी उघड्यावरच अंडी घालतात, रंग वाळूचाच, चाकाखाली आली तरी कळत नाही. परवानगी असलीच तर त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक घे, दुसऱ्या बंदराचं चालत नाही, आणि कालची वेळ आज धरू नको, रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जास्त वर येतं आणि जास्त खालीही जातं, तेव्हा नको. ओहोटी पूर्ण व्हायच्या दोन तास आधी उतरायचं आणि पाणी फिरायच्या आत बाहेर. टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची, पण मग भरायला पंप जवळ पाहिजे, तशाच हवेवर डांबरी रस्त्यावर ८० ने गेलास तर टायर तापून वाट लागेल. स्टँडखाली चपटा डबा किंवा दगड.

दोघं आहात ना? मग एकच गाडी खाली, दुसरी वर रस्त्यावर दोरी घेऊन उभी. दोन्ही गाड्या एकदम वाळूत नाहीत.

खाडीपल्याड

म्हैस बसते तशी =)) हे मी सगळीकडे वापरणार आहे.

एक राहिलं. असल्या किनाऱ्यावर मोबाइलला रेंज टेकाडावर येते आणि खाली कोव्हमध्ये (छोट्या खाचेतल्या किनाऱ्यावर) जाते, आणि माणूस पडतो तो नेमका खालीच. ४०६ मेगाहर्ट्झवाला पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन, खिशात मावणारं संकटाचा सिग्नल देणारं यंत्र) मिळतो, बटण दाबलं की सॅटेलाइटवरून बचाव पथकाकडे लोकेशन जातं, महिन्याचं भाडं लागत नाही, फक्त आपल्या नावावर आधी रजिस्टर करावा लागतो. तो अंगावर ठेव, बॅगेत नाही. गाडी एकीकडे आणि तू दुसरीकडे पडलास तर बॅगेतला काय कामाचा.

अर्धाक्लच

मंडळी काय बोलू, एका रात्रीत टूर बदलली.

नवा प्लॅन असा झालाय, ३,६०० चे २,३०० केले. सुरुवात उलट्या टोकाकडून, वारा पाठीशी राहील असं. फेऱ्यांचा कागद केला, एकूण नऊ निघाल्या, त्यातल्या दोघी आठवड्यातून तीनच दिवस आहेत, हे मला आधी माहीतच नव्हतं आणि त्यातल्या एकीच्या दारात मी रविवारी पोचणार होतो. आरामाचा दिवस एकाऐवजी तीन, पण ते आराम म्हणून नाही, फेरी चुकली तर म्हणून. पंप २०० च्या हिशोबाने धरले, एका ठिकाणी २६० चं अंतर आहे तेवढ्यासाठी कॅन. मित्र जिंकला, दोन दिवस तेच ऐकवतोय.

पुळणीवर एकच गाडी जाणार आणि ती त्याची.

पानाबारा

आणि अँटी-सीज?

अर्धाक्लच

या रविवारी. हेडलाइटच्या मागचं कपलर आत्ताच उघडून बघितलं, आधीच हिरवं आहे.