मॉरिशस, फ्लिक-आं-फ्लाक: आईला घेऊन जातेय, रिसॉर्टचं जेवण घ्यावं की बाहेर जेवावं?

नमस्कार मंडळी,

घरचे पाच दिवसांचे गणपती आटोपले की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आईला मॉरिशसला न्यायचं ठरवलंय. सात रात्री, आम्ही दोघीच. आई 68 वर्षांची, शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. गुडघे कुरकुरतात, पण सपाटीवर अर्धा तास सहज चालते. मुंबईहून थेट विमानाची तिकिटं काढून झाली, व्हिसा आधी काढावा लागत नाही. राहायचं कुठे आणि जेवायचं कसं, एवढंच अडलंय.

मी 2019 मध्ये ऑफिसच्या ट्रिपने तिकडे जाऊन आलेय. उत्तरेला ग्रां बे भागातल्या एका रिसॉर्टमध्ये तिन्ही वेळचं जेवण धरून चार रात्री होतो. खोल्या सुंदर, समुद्र सुंदर, पण शाकाहारी माणसाला चारही रात्री पास्ता, उकडलेल्या भाज्या आणि सॅलड. पैसे आधीच भरलेले, त्यामुळे बाहेर जेवायला जायचं कुणाच्या मनातच येईना.

शेवटच्या दिवशी अर्धा दिवस पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आं-फ्लाकला नेलं. तिथल्या सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली खाण्याच्या गाड्या लागतात. एका बाईकडे दाल पुरी घेतली (तिकडे 'धोल पुरी' म्हणतात). आपल्या पुरीसारखी तळलेली नव्हे. ताटलीएवढी, मऊ, पिवळसर पोळी आणि आत दळलेल्या डाळीचा पातळ थर. एकटी कधी देत नाहीत, जोडीच. दोन पोळ्या एकावर एक, त्यावर मोठ्या पांढऱ्या वालांची दाटसर आमटी, टोमॅटोचा रसदार 'रुगाय', वर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि कागदात गुंडाळी करून हातात. मी उभ्यानेच खाल्ली, आमटी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. घरी येऊन आईला वर्णन केलं तर म्हणाली, "म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच की गं!" तेव्हापासून तिला ती तिथे जाऊन खायची आहे.

तिच्या मनात आणखीही एक गोष्ट आहे. आम्ही चिपळूणजवळचे. माझी पणजी साखरेला 'मोरस' म्हणायची, कारण पूर्वी ती मॉरिशसहून यायची. त्या मोरसच्या उसात राबायला 1834 पासून आपल्याकडचे गिरमिटी (करारावर नेलेले) मजूर जाऊ लागले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ होते. आईच्या माहेरी सांगतात की तिच्या पणजोबांचा धाकटा भाऊ असाच गेला आणि परतला नाही. नाव आणि गाव ठाऊक आहे, वर्ष नाही. फ्लिक-आं-फ्लाकहून थोडं आत, उसाच्या मळ्यांमधून गेलं की कास्कावेल लागतं. तिथे मराठी वस्ती आहे, विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. समुद्रापेक्षा आईचा जीव त्या देवळात जास्त अडकलाय.

आमचा एजंट पूर्व किनाऱ्यावरच्या बेल मारचं सर्वसमावेशक पॅकेज घ्या म्हणून मागे लागलाय. मला ते पटत नाही. त्यांच्या हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबर, आग्नेयेकडचे वारे पूर्व किनाऱ्यावर सरळ आदळतात. पश्चिमेला मधल्या डोंगरांचा आडोसा मिळतो, पाणी शांत राहतं, शिवाय सूर्यास्त समोर. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या बाईला प्रवाळाच्या कड्याआतलं ते उथळ, संथ पाणीच बरं. (प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी जीव पायाला लागतात म्हणून रबरी बूट दोघींना घेतलेत.)

तर मुख्य प्रश्न: फ्लिक-आं-फ्लाकला फक्त नाश्ता धरून रिसॉर्ट घ्यावं, की स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट? कास्कावेलला मोठं सुपरमार्केट आहे, तिथून तांदूळ, डाळ, भाजी आणून वरणभात मी टाकू शकते. पण आईला सुट्टीत ओट्याशी उभं राहू द्यायचं नाही, आणि स्वयंपाकघर दिसलं की ती राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. रिसॉर्ट घेतलं तर गाड्यांवरचं खाणं रात्रीपर्यंत मिळतं का? आठवड्याच्या मधल्या दिवशीही गाड्या असतात, की शनिवार-रविवारीच? आणि भजी, फराटा, 'मिन फ्री' म्हणजे परतलेल्या नूडल्स यांत अंडं किंवा कोळंबी नको हे क्रिओलमध्ये (तिथल्या बोलीभाषेत) कसं सांगायचं, ते कुणी देवनागरीत लिहून दिलं तर मी पाठ करीन.

कास्कावेलचं देऊळ एरवीच्या दिवशी उघडं असतं का? तिथल्या मराठी घरांमधल्या कुणाला आधी कळवून गेलेलं बरं, की सरळ जावं? न्यायला काय योग्य ठरेल, तेही सुचवा. बिया, रोपं, ताजी फळं परवान्याशिवाय नेता येत नाहीत म्हणून नारळ बाद. अबीर-बुक्का आणि सीलबंद पाकिटातली भाजणी चालेल ना?

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदी जपून ठेवल्यात. कुणी तिथे पूर्वज शोधलेत का? नुसतं नाव आणि गाव पुरतं, की जहाजाचं नाव किंवा साल लागतंच? पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरही जाणार आहोत, जिथे हे लोक बोटीतून उतरले. तिथल्या 16 पायऱ्या पाहुण्यांना चढू देतात का? आईने आकडा ऐकला आणि म्हणाली, "सोळा ना? तेवढ्या मी चढते. त्याने चढल्याच असतील."

एजंटला शुक्रवारपर्यंत कळवायचंय, म्हणून आधी राहण्या-जेवणाचं सांगितलंत तर बरं होईल. बाकीचं सवडीने लिहा.