नाशकात राहून रेसिंग कार बांधायचा धंदा जमेल का?

कॉलेजरोडकर: मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष. आमच्या टीमच्या बाहा गाडीची (कॉलेजांच्या स्पर्धेतली ऑफ-रोड गाडी) फ्रेम मीच वेल्ड केली. घरच्यांना सातपूरच्या कारखान्यातली नोकरी हवीये, मला सिंगल सीटर, म्हणजे एका सीटच्या रेसिंग गाड्या, बांधायच्यात. अंबडला काकांचा गाळा रिकामा आहे. वेडेपणा आहे का?

टिगवाला: वेडेपणा नाही, क्रम उलटा आहे. रॅलीच्या गाड्यांना रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा पिंजरा) बसवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. नवी गाडी बांधून घेणारं गिऱ्हाईक आपल्याकडे क्वचित. पोट भरतं ते दुसऱ्याची गाडी तयार करण्यावर: केज, सस्पेन्शन, सेटअप, आणि रेसच्या आदल्या रात्री मोडलेलं सकाळपर्यंत उभं करणं.

केजचंच घे. एफआयएच्या, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या, नियमात मुख्य हूपला (ड्रायव्हरमागची कमान) कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनजोड, पाइप लागतो, व्यास × जाडी ४५ × २.५ किंवा ५० × २ मि.मी. दुकानदार ईआरडब्ल्यू, म्हणजे वेल्डिंगच्या जोडाचा पाइप, गळ्यात मारायला बघतो. टेस्ट सर्टिफिकेट हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नको. गिऱ्हाईक त्यावरून घासाघीस करायला लागलं तर जाऊ दे खुशाल, ड्रायव्हरच्या जिवाशी खेळ नको.

आणि नवी गाडी बांधायचीच तर हे बघ: कोइम्बतूरच्या करिवर्धननी मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन घालून फॉर्म्युला मारुती ही सिंगल सीटर बांधली. परदेशी गाडी परवडत नसलेल्या पोरांना तीच मिळाली, फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयनसुद्धा त्यातूनच पुढे गेला. इथे मिळणाऱ्या सुट्या भागांवर चालणारी आणि दुरुस्त होणारी गाडी, हे डोकं मला पॉवरपेक्षा मोठं वाटतं.

वहीवाली: आमच्या ह्यांचं असंच वर्कशॉप, हिशेब माझ्याकडे. ॲडव्हान्स सगळे हसत देतात. गाडी हरली की उरलेल्या पैशांचा विसर पडतो. बिल चुकतं झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडू नकोस रे बाबा.

कॉलेजरोडकर: धन्यवाद ताई! दादा, मग आधी नोकरीच का?

टिगवाला: सातपूरची नको. कोइम्बतूर नाहीतर चेन्नईला एखाद्या टीममध्ये शीर. पगार बेताचाच, सुरुवातीला टायर उचलायला लावतील. पण चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून वजन जुळवणं, टो-कॅम्बर (चाकांचे कोन) बदलला की ड्रायव्हर काय बोलतो ते ऐकणं, हे ट्रॅकवरच येतं. वेल्डिंग इथे कुणीही शिकवेल.

गाळा कुठे पळत नाही. तोवर काकांना विचार, थ्री फेज कनेक्शन आहे का. नसेल तर आत्ताच अर्ज टाका.